एका कलेजीचे वाटे

माय,

तुला नात झाली. बाकी सगळं नंतर, हे आधी. आता ती सव्वा वर्षाची आहे. परवा मेसच्या ओट्यावरून ती पहिल्यांदा एकटी खाली उतरली, पाठमोरी, पोटावर घसरत, बेडकासारखे पाय ताणत. जमिनीला पाय टेकल्यावर वळून तिने जेवायला बसलेल्या कारागिरांकडे असं काही बघितलं की त्यांनी ताटं सोडून टाळ्या वाजवल्या. एकाच्या हाताला वरणभात लागलेला, तो सगळा शेजारच्याच्या शर्टावर उडाला. तिला त्याचंच जास्त हसू आलं. तुझी मैत्रीण जिजी म्हणते, नाक तुझं घेतलंय. मला तसं दिसत नाही, पण मी वाद घालत नाही, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. तुझ्या सुनेला तू पाहिलं नाहीस, तिने तुला पाहिलं नाही. तरी ही पोर पोटात असताना आमच्या दोघांच्या मध्ये तू जितकी बसलेली होतीस तितकी तू जिवंत असतीस तरी बसली नसतीस. तुझ्यावरून आमचं भांडण झालं, तुझ्यावरून मी घाबरलो, आणि शेवटी तुझ्यामुळेच शांतही झालो. ते सगळं तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलोय.

सुरतेतली, भेस्तानची आपली गल्ली अजून ओळखू येते. पत्र्यांच्या जागी स्लॅब आलेत, गटारावर फरशी आलीय, पण दुपारची पाळी सुटली की तीच माणसं त्याच चालीने येतात. तुझी मेस म्हणजे तेव्हा एकच खोली होती. पुढे कारागीर जेवायचे, मागे तू आणि चूल. धुळ्या-नंदुरबारकडची ती माणसं लूमचा खडखडाट कानात घेऊनच यायची आणि एकमेकांशी ओरडून बोलायची, मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं. तू त्यांच्याहून वरच्या आवाजात उत्तर द्यायचीस. बाहेरून जाणाऱ्या गुजराती माणसाला वाटायचं आत मारामारी चाललीय, आणि आत सगळे हसत असायचे.

रविवारी कलेजी असायची. ती कारागिरांसाठी नव्हे. गल्लीत ज्या बायका गरोदर असतील त्यांना तू मागच्या दाराने बोलवायचीस. सगळ्या गावाहून नवऱ्यामागे आलेल्या, कुणाची आई जवळ नाही, कुणाची सासू नाही. त्यांना चुलीजवळ पाट टाकून बसवायचीस आणि कढई उतरवायचीस. कांदा आणि खोबरं काळं होईपर्यंत भाजलेलं, तुझा तो मसाला, वर तेलाचा तवंग. मी असेन दहा वर्षांचा. वास सहन न होऊन एकदा मीही ताटली घेऊन त्या बायकांच्या ओळीत जाऊन बसलो. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तुले कसाले? तुना पोटमा काय शे?" सगळ्या बायका इतक्या हसल्या की एकीला पाणी पाजावं लागलं. मी रागावून बाहेर गेलो. नंतर तू कढई पुसून घेतलेली भाकर मला दिलीस, तिला मसाला लागलेला होता. तेवढ्यावर माझा राग गेला.

तुझा दुसरा एक धडाही आठवतो. चौदा-पंधराचा झालो तेव्हा मी म्हणालो होतो की भाकरी थापणं बायकांचं काम, मी करणार नाही. संध्याकाळी सगळ्यांना वाढलंस आणि मला म्हणालीस, पीठ तिथं आहे, पाणी तिथं आहे, मी बाई आहे, मी फक्त बायकांचं काम करते आणि ते झालं. त्या दिवशी मी केलेली भाकरी नकाशासारखी होती. तीच खाल्ली. महिन्याभरात माझ्या भाकरी गोल यायला लागल्या आणि तू त्या कारागिरांना दाखवत फिरायला लागलीस. सचिन गावातल्या कापड रंगवायच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा लोक पोराला घड्याळ देतात, तू मला कुकर दिलास. बरोबरची पोरं कितीतरी दिवस मला कुकर म्हणूनच हाक मारायची.

तू गेलीस आणि मेस बंद पडली. मी सचिनला जात होतो, येत होतो, घरात काही बोलण्यासारखं नव्हतं. मग एक दिवस कामावरून आलो तर ओट्यावर पाच-सहा कारागीर बसलेले. जेवायची वेळ होती. कुणी काही मागितलं नाही. एकजण फक्त म्हणाला की बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय. मी चप्पल काढली आणि चूल पेटवली. दुसऱ्या दिवशीही ते आले. तिसऱ्या आठवड्यात मी कारखान्यात सांगून टाकलं की आता येणार नाही. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण बसमधून घरी येताना मी गाणं म्हणत होतो, एवढं मला चांगलं आठवतं.

तुझी सून परभणीकडची. तिचे वडील इथे बांधकामावर आले होते. ती शिवणाच्या कारखान्यात कपडे तपासायला जाते, दोरा कुठे सुटलाय ते लांबून ओळखते. बोलणं कमी आणि नेमकं. मूल होत नव्हतं. एकदा राहिलं आणि दुसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही तो विषयच काढला नाही. तिच्या माहेरी गेलो की तिथल्या बायका तिला बाजूला घेऊन काही विचारायच्या आणि ती येताना खिडकीबाहेर बघत बसायची.

मग एका सकाळी ती मेसच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी कणीक मळत होतो. ती म्हणाली, "मला वाटतं, राहिलंय." मी पीठभरल्या हातांनी तसाच उभा. तिने मला सांगून ठेवलं की तीन महिने होईपर्यंत कुणालाही कळता कामा नये, दवाखान्यातही आधी जायचं नाही, मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि मग सगळ्यांना परत सांगावं लागलं. मी हो म्हणालो. पण आनंद कुठेतरी जायला पाहिजे ना, माय. माझा आनंद कढईत गेला.

पहिले काही दिवस तिला काही पचेना. वरणाचा वास नको, दूध नको, चहा नको. तेव्हा मला तुझी कलेजी आठवली. तुझाच मसाला केला, तसंच खोबरं काळं केलं. भीतभीतच तिच्यापुढे ठेवली. तिने खाल्ली, पुसून खाल्ली, आणि ती पोटात राहिली. मला वाटलं तूच येऊन चूल पेटवलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. मग रोजच. भेस्तानच्या नाक्यावरचा खाटीक मला बघितलं की न विचारता कलेजी बाजूला काढून ठेवायचा. मी तिला म्हणायचो, माझ्या मायने याच्यावर अर्ध्या गल्लीची पोरं काढलीत. तिच्या एकट्या बहिणीला तेवढं तिने सांगितलेलं, ती परभणीहून आली तेव्हा माशाच्या तेलाच्या शक्तीच्या गोळ्या घेऊन आली. पुढे औषधाच्या दुकानातून मी आणखी एक डबी आणली, तिच्यावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं. तिला मी तिन्ही देत होतो. ती ओकत नव्हती, तिच्या गालांवर लाली आली होती, आणि मी गल्लीतला सगळ्यात सुखी माणूस होतो. कारागिरांना काही सांगता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना जास्तीची भाकरी वाढत सुटलो होतो. ते एकमेकांना विचारायचे, मालकाला काय झालंय.

तिसरा महिना संपत आला तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती, हिंदीत बोलत होत्या. तपासणी झाली, सगळं ठीक. मग त्यांनी विचारलं, खाणंपिणं काय चाललंय. मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. छाती फुगवून सगळं सांगितलं, कलेजी कशी करतो ते मसाल्यासकट सांगितलं, गोळ्यांच्या डब्या पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या. बाई ऐकता ऐकता लिहायच्या थांबल्या. त्यांनी डब्या फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "भाई, कलेजी रोज?"

त्यांनी मला समजेल असं सांगितलं, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, त्यांची फार काळजी नसते. पण अ जीवनसत्त्व, ज्याला सगळे व्हिटॅमिन ए म्हणतात, ते तसं जात नाही. शरीर ते यकृतात साठवून ठेवतं. बकऱ्याचं शरीरही तसंच करतं, म्हणून बकऱ्याच्या कलेजीत ते भरपूर असतं. थोडं लागतंच, त्याच्याशिवाय बाळाची वाढ होत नाही, डोळे नीट होत नाहीत. पण आईच्या पोटात ते रोज आणि खूप जायला लागलं, वरून माशाच्या तेलात तेच, त्या डबीतही तेच, तर ते बाळापर्यंत पोचतं. पहिल्या महिन्यांत बाळाचं हृदय, तोंड, डोकं घडत असतं, तिथं बिघाड होऊ शकतो. आणि बाळाचं स्वतःचं इवलंसं यकृत, त्याच्यावरही भार पडू शकतो. जनावरांमध्ये असं दिसलंय की आईला हे फार दिलं तर पिल्लांच्या यकृताला पुढे त्रास होतो. माणसांत किती आणि कधी, हे आज कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मी विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, "खिलाना बंद नहीं करना है. बस यह बंद करना है." लोहाची आणि फॉलिकची गोळी त्यांनी दिली, माझ्या दोन्ही डब्या स्वतःच्या खणात ठेवून घेतल्या. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी करू म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला नीट दिसत नव्हतं. ती माझ्यापुढे चालत होती. रिक्षात बसल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली की चव चांगली होती, ती काही खोटी नव्हती.

यानंतरचा महिना मला आठवायला आवडत नाही, तरी सांगतो, कारण तिथंच तू आलीस. बातमी आता सांगायला हरकत नव्हती, तेव्हा जिजीला फोन केला. ती आता समोरच्या घरात नाही, कतारगामला मुलाकडे असते. तिला आनंद झाला आणि कलेजी बंद केल्याचं ऐकून लगेच राग आला. म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय, तुझ्या मायच्या हातची कलेजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, आमची पोरं काय वाकडी निघाली? तुझ्या मायला नावं ठेवतात काय ते. फोन ठेवल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मला खरंच तसं वाटायला लागलं की मी डॉक्टरीणबाईंचं ऐकलं तर तुला खोटं पाडलं. तुझं म्हणून माझ्याजवळ दुसरं काय आहे? हा मसाला आणि ही चूल. आणि दुसरीकडे, बाईंचं खरं असेल तर मी तुझं नाव घेऊन माझ्या लेकराच्या पोटात विष घातलं. दोन्हीकडून मीच चोर.

एका रविवारी मी पुन्हा कलेजी आणली. ठरवून नाही. नाक्यावर खाटकाने नेहमीसारखी बाजूला काढली आणि मी घेतली. केली. तुझ्या सुनेपुढे ताटली ठेवली आणि म्हणालो, थोडी खा, आमच्या मायने कुणाचं वाईट केलं नाही. तिने ताटलीला हात लावला नाही. चुलीजवळच्या पाटावर बसली, आधी पोटावरची ओढणी सारखी केली आणि मग म्हणाली, "तुमच्या आईला मी बघितलं नाही. पण त्या आत्ता इथं असत्या, आणि डॉक्टर नको म्हणाल्यात हे त्यांना मी सांगितलं असतं, तर त्यांनी ही ताटली माझ्यापुढे ठेवली असती का? ते तुम्ही मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर खाते."

माय, मला हो म्हणता येईना. मी तिथं उभा राहून तुला डोळ्यांसमोर आणलं, पदर खोचलेली, हातात पळी. आणि मला दिसलं की तू ती कढई उचलून पुढच्या खोलीत नेली असतीस. मीही तेच केलं. त्या दिवशी कारागिरांना कलेजी मिळाली, त्यांची चंगळ झाली, आणि काय सण आहे ते कुणालाच कळलं नाही.

तरी जिजीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. मोटरसायकल काढून कतारगामला गेलो. तिचा मुलगा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर असतो, दांडगा गडी, त्याने मला एका हाताने उचलून आत नेलं. जिजीच्या पोटात असताना तुझ्या कलेजीवर पोसलेला तो हाच. जिजी खाटेवर बसली होती, गुडघ्यांनी त्रस्त, तोंडाने नाही. मी तिला सगळं सांगितलं, दवाखाना, डब्या, रोजची कढई. ती 'रोज' या शब्दावर अडली. मी म्हणालो, हो, रोज, माय करायची तशीच कढई भरून. ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. "रोज? रोज कोन खाये? रविवारले एक कलेजी ये, नि आम्ही पाच जनी. दोन तुकडा वाट्याले येत, बस. बाकी भाकर नि मसाला."

मी दहा वर्षांचा होतो, मला कढई मोठी दिसली होती. जिजीने मला नीट समजावून सांगितलं की कढईत मसालाच जास्त असायचा, वास गल्लीभर जायचा आणि कलेजी ताटलीत शोधावी लागायची. एकदा तर सातजणी जमल्या तेव्हा तू प्रत्येकीला एकेक तुकडा दिलास आणि स्वतः म्हणालीस की पुढच्या रविवारी मोठा बकरा कापायला सांगते. हे सांगताना जिजीला हसू आवरेना, आणि मलाही. खाटेवर बसून आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिचा मुलगा स्वयंपाकघरातून बघायला आला की काय झालं.

मी तुला मोठं करून सांगत नाही. व्हिटॅमिन कशाला म्हणतात ते तुला ठाऊक नव्हतं, आणि तुझ्याकडे कलेजी जास्त असती तर तूही जास्त वाढली असतीस, तुझा हात मला माहीत आहे. तुझ्याकडे तेवढीच होती आणि खाणाऱ्या पुष्कळ. माझ्याकडे खाटीक रोजचा होता आणि खाणारी एकच. एवढाच फरक. पण येताना तापीच्या काठावर गाडी थांबवून मी थोडा वेळ उभा राहिलो, वारा खाल्ला, आणि मला वाटलं की आता तुम्ही दोघी, तू आणि ती डॉक्टरीणबाई, माझ्या डोक्यात एका पाटावर बसू शकता.

बाईंनी सांगितलं होतं की भाज्यांमधून जे मिळतं त्याची भीती नाही, शरीर त्यातून लागेल तेवढंच करून घेतं. झालं. मी लाल भोपळ्याच्या मागे लागलो. तू ज्याला गंगाफळ म्हणायचीस तो. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याच्या पुऱ्या, भोपळा घातलेली भाकरी. गाजरं. मेथी. तुझ्या सुनेला एकटीला वेगळं करायला वेळ नसायचा, म्हणून सगळ्या मेसलाच तेच. दुसऱ्या आठवड्यात कारागिरांचं एक शिष्टमंडळ मला भेटायला आलं. सगळ्यात वयस्कर माणूस पुढे झाला आणि फार अदबीने म्हणाला की मालक, बाळ तुमचं आहे, भोपळा आमच्या का मागे? मग मी वांग्याचं भरीत आणि शेवभाजी परत सुरू केली. भोपळा वहिनींसाठी, असं ठरलं, आणि पुढे त्यांच्यातलाच कुणीतरी बाजारातून येताना तिच्यासाठी भोपळ्याची फोड घेऊन यायला लागला. कधीकधी चार-चार फोडी जमायच्या.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. मला आत घेतलं. खोली थंड, तुझी सून आडवी, मी भिंतीला पाठ लावून उभा. यंत्र फिरवणाऱ्या बाई हळू आवाजात बोलत होत्या. हृदय बराबर. कणा बराबर. ओठ बराबर. हात, पाय, बोटं, सगळं बराबर. 'ओठ' ऐकलं तिथंच मी रडायला लागलो होतो, पुढचं नीट ऐकूही आलं नाही. नंतर आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की यकृताचं काम कसं चाललंय ते या चित्रात दिसत नाही, ते जन्मल्यावर बघू, पण तुम्ही वेळेत थांबलात आणि आतापर्यंत सगळं चांगलं आहे. तुझी सून टेबलावरून उठता उठता म्हणाली, मला भूक लागलीय. बाहेर येऊन तिने दोन बशा लोचो खाल्ला, वर शेव आणि कांदा, आणि मला एक घासही दिला नाही.

पोर झाली ती सकाळी, उन्हं खिडकीत आल्यावर. लाल, चिडलेली, मुठी वळलेली. मला दिली तेव्हा ती माझ्या अंगठ्याकडे तोंड करून चोखायचं बघत होती, म्हणजे खाण्याच्या बाबतीत घरचीच. आणि तिसऱ्या दिवशी ती पिवळी झाली. डोळ्यांचे कोपरे, मग गाल, मग छाती. मला कुणी काही सांगायच्या आधीच मी ठरवून टाकलं की हे यकृत, हे मीच केलं. डॉक्टरीणबाई येईपर्यंत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून बसलो होतो. त्यांनी मला उठवलं, आत नेलं, बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलेलं दाखवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, हातपाय पसरून अशी पडली होती जशी डुमसच्या किनाऱ्यावर आलीय. बाई म्हणाल्या, कितीतरी बाळं अशी पिवळी होतात, यकृत कामाला नवीन असतं, दोन-चार दिवसांत शिकतं. रक्त तपासलं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी विचारलं, कलेजीमुळे नाही ना? त्या म्हणाल्या, असं वाटण्याजोगं यात काही नाही. आणि मग, बहुतेक माझं तोंड बघून, त्यांनी मला खुर्ची दिली.

दिव्याखालून निघाली तेव्हा ती पुन्हा लाल होती आणि पुन्हा चिडलेली. नंतरही बाईंनी तिला सोडलं नाही. काही महिन्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं, पुन्हा काही महिन्यांनी. यकृत जेवढं असायला हवं तेवढं, काम करायला हवं तसं. शेवटच्या खेपेला मी विचारलं की आता कायमचं निश्चिंत व्हायचं का. बाई म्हणाल्या, कायमचं कुठल्याही मुलाबद्दल कुणी सांगत नाही, तुमच्याही मुलीबद्दल मी सांगणार नाही, पण ही तपासणी बघून मी आज घरी जाऊन छान झोपेन. मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना डबा पाठवला. भोपळ्याच्या पुऱ्या. त्यांनी निरोप पाठवला की आणखी असतील तर द्या.

बारसं मेसमध्येच केलं. सतरंज्या अंथरल्या, लूमच्या कारखान्यातून उरलेल्या साड्यांच्या पट्ट्या आणून कारागिरांनी झालर बांधली, एकही पट्टी दुसरीच्या रंगाची नव्हती. परभणीची मंडळी आली. जिजीला मुलाने उचलूनच आणलं. ती पाळण्याजवळ बसली आणि तुम्ही बायका म्हणायचात ती गाणी म्हणायला लागली. परभणीच्या बायकांना अर्धं कळत नव्हतं, त्या त्यांची गाणी मध्ये घालायच्या, मग कुणाचं गाणं संपतं कधी आणि सुरू होतं कधी ते पाळण्यातलीलाच ठाऊक. गल्लीतल्या गुजराती काकी आल्या, त्यांनी दोन्हीकडच्या गाण्यांवर टाळ्या धरल्या. मी आत पुरण आटवत होतो. तुझ्या सुनेने दारातून मला बघितलं आणि बाहेर यायची खूण केली. मी म्हणालो, पुरण लागेल. ती म्हणाली, लागू द्या. गेलो. पोर माझ्या हातात दिली, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा मी सगळ्यांना म्हणालो, जेवून घ्या.

कलेजी अजून करतो, माय. रविवारी, कारागिरांसाठी. गल्लीत आता एक नवी सून आलीय, यवतमाळकडची, पोटुशी आहे. नवऱ्याबरोबर जेवायला आली तेव्हा तुझ्या सुनेने तिला बाजूला बसवून काय खायचं, काय जपून खायचं, दवाखान्यात कधी जायचं ते सांगितलं. तिसरा महिना संपायची वाट बघू नकोस, असंही म्हणाली. मी तिला भोपळा वाढला. तिला फार आवडला नाही.

आता मेस रिकामी आहे, दुपार उतरलीय, दोघी आत झोपल्यात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला लिहायला बसताना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. अशा रिकाम्या दुपारी पोर जागी असली की मी तिच्याशी अहिराणी बोलतो. घरात दुसरं कुणी बोलणारं नाही, तिची आई परभणीचं बोलते, गल्लीतली पोरं गुजराती. मला वाटायचं की मला सगळी येते. बोलायला बसलो तर दर दोन वाक्यांनी शब्द अडतो. मग मी तिथं कुठलाही शब्द बनवून घालतो, चाल मात्र तुझी ठेवतो, आणि पुढे जातो. ती ते शब्द मन लावून ऐकते, आणि परवा त्यांतला एक ती उलट म्हणाली. तो शब्द कुठल्याच भाषेत नाही. मी तिला सुधारलं नाही.